शेपटापर्यंत पाणी

पाटकरणीनं नळीत काडी घातली, बाहेर काढली, उन्हात धरून बघितली. मग डोळे चोळले आणि पुन्हा घातली. काडी पार वरपर्यंत ओली! ज्या खाचरात सहा दिवस पाण्याचा थेंब सोडला नव्हता, त्या खाचरातलं पाणी उतरायचं सोडून कालच्यापेक्षा दोन बोटं वर आलं होतं.

"अगं बाई!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली. "हा काय भुताटकीचा प्रकार?"

भूत असतं तर परवडलं असतं. भुताला दोन शिव्या हासडता येतात. पाण्याला कोण काय बोलणार?

आता ही पाटकरीण कोण आणि ही नळी कसली, हे आधी सांगून टाकलेलं बरं. धरणातून एक पाट निघतो, बारा किलोमीटर लांब. त्याच्यावर तेवीस दारं, तेवीस दारांवर दीडशे भातखाचरं, आणि दीडशे खाचरांची तीनशे तोंडं, सगळी एकाच वेळी बोलणारी. कुठलं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं, हे काम पाटकऱ्याचं. आधी हे काम सासरे करायचे. ते गेले तेव्हा पाणीवाटप मंडळानं किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात दिला. तिच्यावर फार विश्वास होता म्हणून नव्हे हं. दुसऱ्या कुणाला फुकटच्या शिव्या खायची हौस नव्हती, म्हणून!

आणि शिव्या तरी किती! पूर्वी पाऊस कसा, नोकरीला लागल्यासारखा यायचा. रोज थोडा, वेळेवर. आता त्याचं डोकं फिरलंय. आला की तीन दिवसांत सगळं बुडवतो, गेला की पंचवीस दिवस तोंड दाखवत नाही. यंदा धरण अर्ध्यावर. लोक धास्तावलेले. मग तोंडाकडचे लोक, म्हणजे धरणाजवळचे, काय करायचे? आज मिळतंय तेवढं ओढून घ्या, उद्याचं कुणी बघितलंय! त्यांची खाचरं काठोकाठ भरलेली, आणि शेपटाकडच्या दारांसमोर पाटात धूळ.

पाटकरणीची नणंद शेपटाकडची. बाविसावं दार. शेपटाकडे पाण्याचा भरवसा नाही म्हणून तिथले लोक हळवं भात लावतात, लवकर येणारं. नणंदेचं भात पोटरीत आलं होतं. चार-सहा दिवसांत निसवणार, लोंब्या बाहेर पडणार. आणि भाताला बाकी काही चालतं, पण लोंबी बाहेर पडताना तहान चालत नाही. तेव्हा पाणी नसेल तर लोंबी येते दिमाखात, आत मात्र दाणा नाही, सगळं पोचट. दोन वर्षं नणंदेनं हेच कापलं होतं. यंदा तिसऱ्यांदा असं झालं तर शेत विकायचं, हे ठरलेलं. नवऱ्यानं शहरात गोदामावर नोकरीही बघून ठेवली होती. "वहिनी, मला गोदामाच्या मागच्या खोलीत राहायला लावू नकोस गं," एवढंच ती फोनवर म्हणाली होती, तेही हसत. त्या हसण्यानंच पाटकरणीची झोप उडवली होती.

तिनं उपाय शोधला होता तो ही नळी. हातभर प्लास्टिकची नळी, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेली, खाचरात रोवायची. जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते नळीत डोकावलं की दिसतं. शेतकी खात्याच्या वर्गात शिकवलं होतं: वरची जमीन सुकली म्हणून घाबरू नका, खाली मुळांना पाणी असतं. आठ बोटं खाली जाईपर्यंत पुन्हा देऊ नका. फक्त निसवायच्या वेळी भरलेलं ठेवा. तोंडाकडचं भात गरवं, उशिरा येणारं, ते अजून फुटवे काढत होतं. त्याला आठ दिवस पाणी नाही दिलं तरी चालणार होतं, आणि तेवढ्यात शेपटाकडच्यांचं काम होऊन जाणार होतं! हिशेब सरळ होता. माणसंच तेवढी वाकडी.

नळीला भोकं, म्हणून लोकांनी लगेच नाव ठेवलं, 'बाईंची बासरी'. मंडळाच्या खोलीत सभा झाली. भिंतीवर पाटाचा नकाशा, कुरकुरणारा पंखा, एकीला दुसरीची ओळख नसलेल्या खुर्च्या. पाटकरीण म्हणाली, "भात म्हणजे काय मासा आहे का, चोवीस तास पाण्यात ठेवायला?" सगळे हसले. हसले नाहीत ते एकटे तुडुंब आजोबा. पहिल्या दाराचे मालक. खाचर काठोकाठ नसेल तर त्यांना जेवण जात नाही, म्हणून हे नाव. मंडळात त्यांच्याकडे कुठलंही पद नाही, पण त्यांनी खाकरलं की अध्यक्षसुद्धा थांबतो.

"पोरी," आजोबा म्हणाले, "मी चाळीस वर्षं भात लावतोय. भाताचं डोकं उन्हात आणि पाय पाण्यात, हे मला माझ्या बापानं शिकवलं. आणि तू सांग, छातीवर हात ठेवून सांग. तुझी नणंद शेपटाला नसती तर तुला ही बासरी सुचली असती का?"

ते वर्मी लागलं. तिचे कान लाल झाले. ती ताडकन उठून म्हणाली, "माझं स्वतःचं खाचर तोंडाकडेच आहे ना, तुमच्या बांधाला लागून? आठ दिवस त्यात पाणी सोडत नाही. पिवळं पडलं तर किल्ल्या तुमच्या हातात देते. हिरवं राहिलं तर तोंडाकडची बारा दारं आठ दिवस बंद. बोला!"

"बोललो," आजोबा म्हणाले.

म्हणून ही नळी, ही काडी आणि आजचा हा सहावा दिवस. त्यातच सकाळी धरणावरून निरोप आला होता: पातळी फार खाली गेलीय, आठवडाभर सोडायचं ठरलेलं पाणी उद्या संध्याकाळी सहाला बंद. पुढचं पाणी बारा दिवसांनी. बारा दिवसांनी नणंदेच्या भाताला पाणी देणं म्हणजे पाहुणे गेल्यावर पंगत वाढणं. सहा दिवसांचं माप दाखवून लोकांच्या हातापाया पडावं, आजच दारं बंद करून घ्यावीत, एवढीच आशा उरली होती. आणि नळीतलं पाणी तर वर चढलेलं! हे माप कुणाला दाखवणार? लोक म्हणतील, बासरी खोटी आणि बाईही खोटी.

ती बांधावर मटकन बसली. मग खाचराच्या कडेला तिचं लक्ष गेलं. चिखलात पाय उमटले होते. एक मोठा, अनवाणी. एक चपलेचा. आणि एक छोटा, टाच जरा आत दाबलेला. तो छोटा पाय तिनं शंभरदा पुसला होता, रोज घरातल्या फरशीवर!

"असं होय," ती म्हणाली आणि उठली.

रोज दुपारी एक ते तीन ती मुख्य दारावर पाण्याची उंची मोजायला जाते, हे अख्ख्या पाटाला ठाऊक. त्या दिवशी तिनं स्कूटर जरा जास्तच आवाज करत काढली, वळणापर्यंत नेली, झुडपाआड उभी केली आणि बांधाबांधानं वाकून परत आली. खाचराला लागून अवजारांची खोली होती. आत फवारणीचा पंप, दोऱ्या, उंदरांनी कुरतडलेली पोती. ती दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. चोर आपणच आहोत असं तिला वाटायला लागलं.

पहिला आला दूधवाला. मोटारसायकल थांबवली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, धुतलेल्या कॅनमधलं पाणी खाचरात ओतलं. दुसरा कॅनही ओतला. "पी बाबा, पी," असं भाताला म्हणाला आणि जायचं सोडून तिथंच बिडी शिलगावून उभा राहिला.

तेवढ्यात सासूबाई! एका हातात बादली, दुसऱ्या हातात बादली, पदर खोचलेला. दूधवाल्याला बघून दचकल्या. "तू इथं काय करतोस रे?"

"मी? मी बिडी ओढतोय. तुम्ही?"

"मी बादल्या वाळवायला आणल्यात," सासूबाई म्हणाल्या. भरलेल्या बादल्या! मग त्याच्याकडं पाठ करून त्यांनी दोन्ही बादल्या हळूच ओतल्या आणि खाली वाकून रोपांना म्हणाल्या, "सुनेला सांगायचं नाही हं."

आत पाटकरणीनं तोंडावर हात दाबला. हसावं की रडावं, काही कळेना. पण तिसरा माणूस दिसला आणि तिचं हसू पळालं. खांद्यावर फावडं टाकून, अनवाणी, तरातरा तुडुंब आजोबा येत होते. त्यांनी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. बांधापाशी आले, फावड्याचे दोन घाव घातले, आणि त्यांच्या वाटणीचं पाणी खळाळत तिच्या खाचरात शिरलं.

आता मात्र तिला राहवलं नाही. दार धाडकन उघडून ती बाहेर आली.

"आजोबा! तुम्ही? अहो, तुम्हीसुद्धा?"

दूधवाल्याची बिडी पडली. सासूबाईंच्या हातातली बादली गडगडत गेली. आजोबा मात्र हलले नाहीत. फावड्यावर टेकून, पकडलं गेलेल्या शाळकरी मुलासारखे जमिनीकडं बघत राहिले.

"माझी जिरवायची होती ना तुम्हाला?" ती ओरडली. "मग समोरून यायचं! असं चोरून पाणी सोडून माझं माप बिघडवायचं?"

"जिरवायची?" आजोबांनी मान वर केली. त्यांचा आवाज चढला. "अगं वेडे, जिरवायची असती तर घरी बसून गंमत बघितली असती. तुझं खाचर पिवळं पडलं असतं, किल्ल्या माझ्या हातात आल्या असत्या! पण पहिल्याच दिवशी इथून गेलो, वरचं पाणी आटलेलं दिसलं, आणि..." त्यांनी फावड्यावरचा चिखल बोटानं खरवडला. "शेजाऱ्याचं खाचर कोरडं दिसलं की आधी फावडं मारायचं, मग चौकशी करायची. आपल्याकडं असंच चालत आलंय. तुझ्या सासऱ्यानं माझ्या आजारपणात महिनाभर माझी दारं धरली. तू हट्टी आहेस म्हणून काय तुझ्या भाताला मरू देऊ?"

"मला वाटलं मी एकटीच देतेय," सासूबाई पुटपुटल्या.

"मला वाटलं मी एकटाच," दूधवाला म्हणाला.

पाटकरणीनं कपाळावर हात मारला. "सहा दिवस! सहा दिवस तिघंही पाणी घालताय! तुमच्या या दयेनं माझ्या नणंदेचं घर उठणार आहे, कळतंय का? सासूबाई, तुमचीच लेक आहे ती! उद्या सहाला धरण बंद होतंय. माझ्याकडं दाखवायला आता एक आकडा नाही, एक पुरावा नाही. कुणाच्या तोंडाकडं बघून मी बारा दारं पाडू?"

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. लेकीचं नाव निघालं तसे त्यांचे डोळे भरून आले. बांधातून पाणी मात्र खळखळ येतच होतं, त्याला काय लाज!

त्या पाण्याकडं बघता बघता पाटकरणीच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं.

"थांबा. आजोबा, एक सांगा. हे पाणी तुमच्या वाटणीचं. इकडं वळवलंत, मग तुमच्या आतल्या खाचरात काय गेलं?"

आजोबांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"आजोबा?"

"रस्त्याकडची भरून ठेवलीत," ते हळूच म्हणाले. "जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतात ना. आतलं आपलं... असंच."

"असंच म्हणजे? कोरडं?"

"हो, कोरडं! किती दिवस विचारशील, तेही सांगतो. सहा दिवस! चार दिवस झाले, मी तिकडं फिरकलो नाही. बघवत नाही मला." आणि चाळीस वर्षं ज्यांच्या खाचरात आभाळ दिसायचं, त्या आजोबांनी तोंड फिरवलं.

पाटकरीण आधी हसली. मग तिनं खाचरात उडी मारली आणि नळी दोन्ही हातांनी उपटून काढली. "चला!" ती ओरडली. "फावडं घ्या! पळा!"

"अगं पण कुठं?"

"आतल्या खाचरात! आजोबा, तुम्ही माझी परीक्षा बुडवली नाहीत, तुम्ही ती तुमच्या रानात देऊन बसलात!"

असे चौघं बांधावरून पळत निघाले की विचारू नका. पुढं चिखलानं माखलेली पाटकरीण, हातात नळी. मागं फावडं घेऊन आजोबा, त्यांच्या मागं रिकामी बादली घेऊन सासूबाई, ती का घेतली होती देव जाणे, आणि शेवटी दूधवाला. झुडपांची ओळ ओलांडली तसे आजोबा थबकले. त्यांनी चक्क डोळे मिटून घेतले. "तूच बघ. मेलंय का सांग."

"डोळे उघडा, आजोबा."

"नाही."

"अहो, उघडा तरी!"

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. समोरचं भात हिरवंगार होतं. जमीन वरून सुकून तिला केसाएवढ्या भेगा गेल्या होत्या, पण एक पान पिवळं नव्हतं, एकाची सुरळी झाली नव्हती. सासूबाईंनी एक चूड, रोपांचा झुबका, उपटून मुळं झटकली. पांढरीशुभ्र, लांबच लांब मुळं, खाली खाली गेलेली.

"हिरवं काय, दोन दिवस असतं हिरवं," आजोबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. "उद्या मान टाकेल."

"उद्याचं नळीला विचारू," पाटकरीण म्हणाली. फावड्याच्या पाठीनं ठोकून तिनं नळी रोवली, कोपरापर्यंत हात घालून आतली माती उपसली आणि चौघंही तिच्याभोवती उकिडवे बसले. नळी कोरडी. मिनिट गेलं, पाच गेली. नळी कोरडीच. आजोबांचा श्वास जोरात चालला होता. सासूबाई डोळे मिटून ओठ हलवत होत्या. खाली पाणी नसेल तर? वर्गात सांगितलेलं सगळं कागदावरचंच असेल तर?

"चमकलं!" दूधवाला ओरडला. "तळाला काहीतरी चमकलं!"

भोकांतून पाणी झिरपत होतं. तळाला नाण्याएवढं दिसलं, मग सरसर चढलं आणि एका जागी थांबलं. पाटकरणीनं काडी घातली. बोटं लावून मोजायला लागली. एक, दोन, तीन... "सहा! जमिनीखाली सहा बोटं! आजोबा, सहा दिवस पाणी नाही आणि अजून दोन बोटं शिल्लक आहेत!"

आजोबांनी काडी तिच्या हातातून ओढून घेतली. स्वतः घातली, स्वतः मोजली. दोनदा मोजली. मग ते खाचरात तसेच फतकल मारून बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "म्हणजे चाळीस वर्षं," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी याला नुसती आंघोळ घालत होतो!"

"आजोबा, उद्या सहाला धरण बंद."

"मग उभी काय राहिलीस? काढ स्कूटर!"

"पण सभा? आठ दिवस कुठं झालेत?"

"सभा गेली खड्ड्यात! काढ म्हणतो ना!"

पहिलं दार आजोबांनी स्वतःच्या हातानं पाडलं, आपलं स्वतःचं. मग स्कूटरवर मागं बसले, फावडं बंदुकीसारखं उभं धरून, आणि दारामागून दार सुरू झालं. चौथ्या दाराचा मालक म्हणाला, "माझं भात जळलं तर?" आजोबा म्हणाले, "माझं आतलं खाचर बघून ये, मग तोंड उघड." सातव्या दाराचा म्हणाला, "आजोबा, तुम्ही? तुम्ही दार बंद करायला आलात?" त्याला इतका धक्का बसला की दार त्यानंच पाडलं. नवव्यावर जरा बाचाबाची झाली. तिथं सासूबाई दूधवाल्याच्या मागं बसून पोचल्या आणि त्यांनी त्या माणसाच्या सात पिढ्यांची अशी काही विचारपूस केली की तो दार पाडून वर चहा विचारू लागला. अंधार पडायच्या आत तोंडाकडची बाराही दारं बंद. मधल्या तेरा ते एकवीस दारांना पाटकरणीनं सकाळी धरणाचा निरोप आल्याबरोबरच कुलपं घालून ठेवली होती. त्यांच्या खाचरांत अजून चार दिवसांचं पाणी होतं.

सकाळी पाण्याचं तोंड तेराव्या दारापाशी होतं. पुढं सगळा सुका पाट, दहा दिवस पाण्याचं तोंड न बघितलेला. तो प्यायलाच लागला! पाणी हातभर पुढं जायचं, थांबायचं, भेगांमध्ये गडप व्हायचं, मागून लोट आला की पुन्हा हातभर. पुढं पालापाचोळा, फेस, बिळांतून धावत सुटलेले खेकडे. पाटकरीण पाण्याच्या तोंडाबरोबर काठानं चालत होती. आजोबा पाटात उतरून फावड्यानं पुढचा गाळ बाजूला करत होते. "चल राजा, चल," ते पाण्याला म्हणत होते. दहाच्या सुमाराला नवव्या दाराचा तो भांडणारा माणूसही फावडं घेऊन आला. मग सातव्याचा आला. दुपारपर्यंत पाटात अकरा माणसं होती, आणि सगळी एकाच वेळी सल्ले देत होती.

तीन वाजता सतरावं दार. चारला एकोणीस. पाच वाजता विसाव्यापाशी पाणी असं रेंगाळलं की पाटकरणीला रडू यायला लागलं. तेवढ्यात मागून एक मोठा लोट आला आणि सगळे एकदम ओरडले. सहा वाजता फोन वाजला. धरणावरचा माणूस म्हणाला, "बाई, बंद केलं." पाण्याचं तोंड एकविसाव्याच्या जरा पुढं होतं.

"पाटात आहे ते तर येईल ना?" आजोबांनी विचारलं.

"पाटात आहे तेवढंच आता," ती म्हणाली.

ते आलं! हळूहळू, थकलेल्या माणसासारखं, पण आलं. बाविसाव्या दारावर नणंद उभी होती, दोन्ही हात डोक्यावर. पाटकरणीनं किल्ली फिरवली, दार उचललं, आणि पाणी नणंदेच्या खाचरात शिरलं. भेगा इतक्या रुंद होत्या की हात जाईल. पाणी भेगांत उतरलं तसे खालून बुडबुडे आले, जमीन सुस्कारे टाकायला लागली. सकाळीच येऊन थांबलेल्या सासूबाईंनी लेकीला मिठी मारली आणि दोघी मोठ्यानं रडायला लागल्या. पाटकरीण बांधावर बसून नुसती बघत होती. पोटरीतल्या भाताच्या बुडाशी पाणी साचत होतं. एक बोट. दोन बोटं. तिला वाटलं, झालं. जिंकलो आपण.

"येऊ दे, अजून येऊ दे!" आजोबा ओरडत होते. "घोटाभर होऊ दे!"

पाणी तीन बोटं झालं तशी नणंद आईच्या मिठीतून सुटली, डोळे पुसले, दारापाशी आली आणि तिनं दार खाली ढकललं.

"अगं, काय करतेस!" पाटकरीण धावली. "पाटात फार उरलं नाहीये. घे भरून आज. पुढचं बारा दिवसांनी!"

"मला पुरेल एवढं, वहिनी. तेविसाव्यावर तीन खाचरं आहेत. त्यांचंही पोटरीत आलंय."

पाटकरीण तिथंच उभी राहिली. नकाशावर तेवीस दारं होती, ती रोज बघत होती. जुडग्यात तेवीस किल्ल्या होत्या. आणि सहा दिवस, प्रत्येक हिशेबात, प्रत्येक भांडणात, तिचा पाट या बाविसाव्या दारापाशी संपत होता. सभेत आजोबा जे बोलले होते ते खरं होतं. तिला मनापासून लाज वाटली. तिनं आजोबांकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. आता ते काहीतरी बोलणार म्हणून तिनं मान खाली घातली. पण आजोबा फावडं घेऊन पाटात उतरले आणि पुढचा गाळ ओढायला लागले.

ती पळत सुटली. तेविसावं दार दोनशे पावलांवर होतं. कुलूप गंजून घट्ट बसलेलं. दगडानं ठोकलं तेव्हा किल्ली फिरली. मागून पाणी येत होतं, वीतभर रुंदीचं, पण येत होतं. दारासमोर कुणी फावडं घेऊन उभं नव्हतं. बांधावर कुणी वाट बघत नव्हतं. इकडं पाणी येणार आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिनंही नाही. खाचरांपलीकडं एक घर होतं, दारं-खिडक्या लावलेली. बाहेर हातगाडीवर एक गादी आणि दोन पेट्या बांधून ठेवल्या होत्या.

तिनं दोन्ही हातांनी दार वर ओढलं आणि घशाच्या शिरा ताणून हाक मारली.

"अहो, कुणी आहे का घरात? बाहेर या! पाणी आलंय!"